मागून आणलेलं झबलं

११ नोव्हेंबर २०२४

पुन्हा झबली! भोयर साहेबांना सांगून ठेवलं होतं – मला चादरी द्या, मोजे द्या, छत्र्या द्या, लहान मुलांचा माल तेवढा देऊ नका. आज मेल उघडला तर तेच. फोन केला. म्हणाले, "मॅडम, आता वर्ष झालं ना."  मग त्यांनाच कसंतरी वाटलं असावं. "दुसरं कोणी नाही हो सध्या," असं घाईघाईने म्हणाले.

वर्ष झालं, खरं आहे. नऊ ऑक्टोबरला झालं. वर्ष झालं म्हणजे नेमकं काय होतं, ते कोणी सांगत नाही.

काम केलं. सगळी झबली बरोबर लावली. जेवण मात्र गेलं नाही.

१२ नोव्हेंबर

शेजारची उमेरा आज भिंतीवरून विचारत होती, "दिवसभर काय पाह्यतेस गं त्या कम्प्युटरमंदी?" म्हटलं, कपडे. "म्हंजे तुले पगार कपडे पाहाचा भेटते?" आणि जी हसत सुटली! तिचं हसणं ऐकून मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

तिला समजावून सांगितलं. बाहेरच्या देशातून कपडा आला की त्याच्यावर सरकार कर घेतं. किती, ते कपडा कोणता यावर ठरतं. बाईचा की पुरुषाचा, होजिअरीचा की साध्या कापडाचा, सुती की पॉलिस्टर. प्रत्येकाला आठ आकडी नंबर आहे. भोयर साहेब नागपूरला कस्टमचे एजंट, लोकांचा माल सोडवून देतात. नंबर कोणता लावायचा ते मी इथे चंद्रपूरला घरी बसून फोटो, मापं, लेबलं बघून सांगते. "अन् लेकराचा कपडा कसा वळखतेस?" म्हणाली. उंचीवरून. शहाऐंशी सेंटीमीटरपर्यंत बाळ. वय विचारत नाहीत. त्याच्यावर गेलं की मुलगा वेगळा, मुलगी वेगळी. खाली सगळी नुसती बाळं. भेदभाव नाही – कायद्यात तरी!

एक गोष्ट तिला सांगितली नाही. एखादा कपडा बाळाकडेही बसतो आणि दुसरीकडेही बसतो असं झालं, तर तो बाळालाच द्यायचा, असा नियम आहे. एवढ्या जाड पुस्तकात मला तेवढंच वाक्य मायाळू वाटतं.

माझी लेक मित्रू सत्तर सेंटीमीटरला थांबली.

१७ नोव्हेंबर

सुकेशनी आली. धम्मदीपची बहीण, माझी एकुलती एक नणंद. एटापल्लीहून बसने, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, त्या रस्त्याने! उतरली तेव्हा पाय सुजलेले. नवरा तिकडे शाळेवर मास्तर. तिकडे काही अडलं-नडलं तर गाडी मिळेपर्यंत जीव टांगणीला, म्हणून बाळंतपण आमच्याकडे. सोबत सासूबाई – धान कापणीसाठी चामोर्शीला गावी गेल्या होत्या, ते तसंच सोडून परत आल्या. तांदळाचं पोतं मात्र विसरल्या नाहीत.

सुकेशनीने मला मिठी मारायला हात पुढे केले आणि पोट मध्ये आलं. दोघी तशाच अर्धवट उभ्या राहिलो. तिचेच डोळे भरले. मी म्हटलं, चहा टाकते.

मागची खोली तिला दिली. मित्रूची सुटकेस तिथेच पलंगाखाली होती. ती मी आमच्या खोलीत आणून ठेवली. सासूबाईंनी बघितलं. 

२० नोव्हेंबर

आज लिहायलाच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

आमच्याकडे जन्मलेल्या लेकराला पहिलं कापड नवं घालत नाहीत. जुनं घालतात, तेही मागून आणलेलं. ज्या घरचं पोर धडधाकट, त्या घरी जाऊन मागायचं – तुमच्या लेकराचं झबलं द्या, त्याचं आयुष्य आमच्याला लागू दे. देणाऱ्याने आपणहून पुढे करायचं नाही. केलं तर ते लाभत नाही म्हणे. मागणारा आला पाहिजे. मित्रूच्या वेळी सासूबाई अशाच चामोर्शीला चार घरं फिरल्या होत्या.

तर आज जेवणं झाल्यावर सासूबाई पदर सारखा करून उठल्या आणि उमेराकडे गेल्या. तिचा धाकटा अकरम – दोन वर्षांचा, गुटगुटीत, अंगणातली वाळू खाऊनही न शिंकणारा. मी भांडी घासत होते. सगळं ऐकू येत होतं. "तुया अकरमचं झबलं देजो वं माय, आमच्या सुकेशनीले लागते." उमेरा म्हणाली, "अरे खाला, एक काऊन, चार ले जाओ!"

घेऊन आल्या. निळं झबलं, गळ्याला ताणलेलं, पुढे डाळीचे डाग. माझ्यासमोरून आत नेलं.

धम्मदीप ओरडला, "बाबासाहेबानं हे सारं सोडाले सांगतलं ना आई! अन् तू झबलं मांगत फिरून राह्यली!" सासूबाई म्हणाल्या, "ते येगळं अन् हे येगळं."  माझ्याकडे तो बघत नव्हता.

घरात सुटकेसभर झबली आहेत. मऊ, घडी केलेली. कोणालाही त्यातलं एकही नको आहे, कारण जिची ती आहेत ती राहिली नाही. मला हे कळत नाही असं नाही. मीही दुसऱ्या घरी असंच केलं असतं. पण माझ्या पोरीचे कपडे अपशकुनी? तिने कोणाचं काय वाईट केलं? तिला तर नीट रडायलाही यायचं नाही, कण्हायची फक्त.

आपणहून देणार नाही. ते लाभत नाही म्हणून नाही. पण नाही देणार.

२१ नोव्हेंबर

निळं झबलं दोरीवर वाळत होतं. पॉवर स्टेशनची काजळी बसेल म्हणून मीच आत काढून घडी केली. काय करणार.

२६ नोव्हेंबर

नागपूरहून बसने पार्सल आलं. भांडणाचा माल आहे. लहान मुलांचे कपडे, नवे म्हणून आलेत, पण गठ्ठे बांधून आणि लेबलं कापून. अधिकाऱ्याला शंका – हे वापरलेले आहेत. वापरलेल्याचा नंबर वेगळा, त्याला परवाना लागतो. व्यापारी शपथ घेऊन सांगतो, नवे, फक्त धुतलेले. भोयर साहेबांनी नमुने पाठवलेत. "तुम्ही हातात घेऊन बघा आणि मत द्या. फोटोत काही कळत नाही."

पार्सल दोन दिवस उघडणार नाही. तब्येतीचं कारण सांगते.

२८ नोव्हेंबर

उघडलं.

नियम असा – कपड्यावर दिसण्याजोगी वापराची खूण पाहिजे. ती असेल तर वापरलेला. नसेल तर नवा. कोणी किती दिवस घातला याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

खुणा होत्या. कशा नसतील? गळ्याची पट्टी ताणलेली, काखेत रंग गेलेला, छातीवर दुधाचा डाग धुऊन धुऊन पिवळा राहिलेला. आणि गुडघे. रांगणाऱ्या मुलाचा पायजमा गुडघ्यावर घासून पातळ होतो. उजेडासमोर धरला की लगेच दिसतं. एकेक खिडकीशी धरत गेले. कुठल्या तरी लांबच्या देशातली पोरं, नावं माहीत नाहीत, पण सगळी रांगली होती. दणकून रांगली होती! मला आधी बरंच वाटलं. एका मुलाने उजवा गुडघा जास्त घासला होता. एक पाय दुमडून सरकत असेल.

मग एक पांढरा पायजमा निघाला. कमरेच्या आत कोणीतरी हिरव्या दोऱ्याने बारीक फूल काढलेलं. आपल्या बाळाचा कपडा दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून असेल. म्हणजे घातलेला होता हे नक्की. पण गुडघे कोरे. कुठेच काही नाही. उलटा-सुलटा करून पाहिला, कापड जाड होतं तसंच.

तो बाजूला ठेवला आणि आमच्या खोलीत गेले. सुटकेस ओढली. मित्रूचा पिवळा पायजमा काढला – तिला सर्वात जास्त घातलेला तोच. ताप आला की तोच, दवाखान्यात तोच. तिचे हातपाय सुजायचे. सिकल – तो रक्ताचा आजार – असलेल्या बाळांना असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. जमिनीवर ठेवली की कळवळायची. म्हणून कोणी ठेवलीच नाही. मी घ्यायचे, धम्मदीप घ्यायचा, सासूबाई तर तिला कडेवर घेऊन भाकरी थापायच्या.

पायजमा खिडकीशी धरला. गुडघे कोरे.

तेरा महिने घातले हे कपडे तिने. घातले, ओकली, धुतले, वाळवले. आणि माझ्याच नियमाने बघायला गेलं तर – नवे! ती होती याची एक खूण नाही त्यांच्यावर. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. सुकेशनी दारात येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. पायजमा बघितला तिने. मग पोटावर हात ठेवून तशीच परत गेली.

३ डिसेंबर

मत पाठवलं होतं. वापरलेले आहेत. भोयर साहेबांचा फोन – "तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, पार्टी नाराज होईल ते बघतो मी. पण हा पांढरा पायजमा – 'घातलेला असावा, पण खूण नाही' – असं कुठे लिहितात का मॅडम? एक काहीतरी लिहा."

म्हटलं, तुम्हीच लिहा.

त्यांनी नवा लिहिला. बरोबरच लिहिला.

८ डिसेंबर

मित्रूचे कपडे आज धुतले. मळले नव्हते. तीन-चार महिन्यांनी धुते, वास लागू नये म्हणून. आतल्या दोरीवर वाळत घातले, बाहेर काजळी. धम्मदीप रात्रपाळी करून आला, दोरी बघून तिथेच थबकला. "धुवून धुवून जुने करशीन," म्हणाला.

म्हटलं, होऊ दे की.

मग तो बुटासकट खाली बसला आणि एक टोपडं हातात घेऊन नुसता फिरवत राहिला. आम्ही दोघे सिकलचे वाहक आहोत हे आम्हाला मित्रू सहा महिन्यांची झाल्यावर कळलं. तोवर कोणी तपासलंच नव्हतं. सुकेशनीचं बघून ठेवलंय – तिचा नवरा निगेटिव्ह आहे, तिच्या बाळाला धोका नाही. हे त्यानेच धावपळ करून तपासून घेतलं होतं. बहिणीसाठी. टोपडं ठेवताना म्हणाला, "आई तिचं नाव बी घेत नाई." मी म्हटलं, तू तरी कुठे घेतोस?  आम्ही तिघंही घेत नाही. एका घरात राहून!

१५ डिसेंबर

थंडी वाढली. सुकेशनीच्या पायाची सूज उतरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबलं तर बरं. सासूबाईंनी निळ्या झबल्याबरोबर एक जुनं दुपटंही मागून आणलंय, जटपुरा गेटजवळच्या ओळखीच्यांकडून. सगळं एका पिशवीत भरून ठेवलंय. पिशवी दाराला टांगली आहे. येता-जाता माझ्या डोक्याला लागते.

२१ डिसेंबर

सुकेशनीला कळा. इतक्या लवकर! उमेराचा नवरा जाहिद ऑटो घेऊन दोन मिनिटांत दारात. सासूबाई आणि धम्मदीप सोबत गेले. मी येऊ का म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "तू राह्य घरी." सरळच म्हणाल्या असतील. मला लागलं.

२२ डिसेंबर

मुलगा झाला. पहाटे. फार लहान आहे.

धम्मदीपचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, रडला का? "रडला. बारीक, पण रडला." मी देवघर नसलेल्या घरात कुठे हात जोडावे ते न कळून गॅससमोर जोडले.

दुपारी सासूबाई आंघोळीला घरी आल्या. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात माझ्यासमोर खाली बसल्या. खाटेवर नाही, खुर्चीवर नाही, खाली. हातात ती पिशवी. निळं झबलं बाहेर काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे लय मोठं होते त्याले. उघडा पडते, थंडा पडून राह्यला. लहान हाय वं. मित्रू होती तेवढाच."

मित्रू. चौदा महिन्यांनी!

मी उभीच होते. बोलले ते लिहून ठेवते, कारण उद्या मला ते बदलून आठवेल. मी म्हटलं, "आता काऊन? उमेराचं पुरलं नाही म्हणून?"

त्या म्हणाल्या, "हो. पुरलं नाई मून. खोटं कायले बोलू?"

मग म्हणाल्या, "भेव वाटत होतं मले. लोकं सांगतेत, गेलेल्या लेकराचं देऊ नये. वाटत होतं भेव, नाई मनत नाई. अन् तुयं बी भेव वाटत होतं. तुया हातातून ते सुटतीन का, मून मांगतलं नाई." आणि पदर धरला – खरोखर दोन्ही हातांनी पसरला, माझ्यासमोर, माझ्या सासूने. "मांगतो मी तुले. मित्रूचं झबलं देजो माय."

मला वाटलं होतं असं कोणी म्हणालं की मी ताठ मानेने देईन. कुठलं काय. सुटकेसची चेन उघडेना. शेवटी त्यांनीच उघडली. दोघी खाली बसून एकेक काढत होतो. हे फार जाड, हे बिनबाह्यांचं. पहिल्या आठवड्यातलं पांढरं निघालं, मागे नाड्या, पुढे गुलाबी लेस. म्हटलं, मुलगा आहे, लेस चालेल का? सासूबाई नाक पुसत म्हणाल्या, "त्याले कोठं समजते!"

भरपूर रडलो. मग त्या आंघोळ न करताच परत गेल्या.

२३ डिसेंबर

दवाखान्यात जाऊन बघून आले. झबलं बरोबर बसलंय. गुलाबी लेस हनुवटीला लागते. सुकेशनी म्हणाली, "वहिनी, तुया हातानं घे ना याले." घेतला. वजनच नाही. तीच लेस, तीच नाड्यांची गाठ तळहाताखाली. मी फार वेळ धरू शकले नाही.

२५ डिसेंबर

बाळ पिवळं पडलंय. निळ्या दिव्याखाली ठेवलंय, डोळ्यांवर पट्टी बांधून. दूध ओढत नाही.

माझ्यामुळे. हे मी कोणाला बोलले नाही, इथेच लिहिते. मागावं, मागावं म्हणून महिनाभर मनात घोकत होते, आणि मागितलं तर हे! कपड्याने काही होत नसतं. मी बी.कॉम. आहे, मला कळतं. डॉक्टर म्हणाल्या, लवकर जन्मलेल्या बाळांना होतंच असं, बहुतेकांचं उतरतं. कळतं मला. तरी दिवसभर एकच वाटतंय – धावत जावं, ते झबलं घेऊन यावं आणि आपल्या घरातलं जे काही असेल ते आपल्याच घरात ठेवावं.

शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या सासूला कळलं झबलं कोणाचं ते. सासूबाईंनीच सांगितलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. ती बाई सुकेशनीला म्हणाली, "काय बाई, असं कोणी घालते का! जाळून टाक ते." दिव्याखाली बाळ उघडं असतं म्हणून झबलं तेव्हा सुकेशनीच्या उशाला घडी करून होतं. धम्मदीप सांगत होता – सुकेशनीने ते उचलून आपल्या ब्लाउजमध्ये खोचलं आणि म्हणाली, "माह्या भाचीचं हाय. माह्या लेकराची बहीणच ते."

आणि सासूबाई? मी विचारलं. "आई त्या बाईवर तुटून पडली ना! साऱ्या वॉर्डाले ऐकू गेलं."

२६ डिसेंबर

तसंच आहे. उतरत नाही. भोयर साहेबांचे तीन फोन. घेतले नाहीत.

२७ डिसेंबर

प्यायला.

२८ डिसेंबर

रंग उतरतोय. डॉक्टर हसल्या म्हणे. उमेराने शिरा करून पाठवला. निळं झबलं मी तिला परत द्यायला गेले, धुऊन, इस्त्री करून. तर म्हणाली, "ठेव ना रिना. मोठा होईन तं घालजो त्याले. माह्या अकरमसारखा जाडा करू त्याले!" ठेवून घेतलं.

३१ डिसेंबर

घरी आले दोघं. बाळाला मित्रूची टोपडी, मित्रूचे मोजे, मित्रूचं दुपटं. आता सासूबाई येता-जाता मला विचारतात, "मित्रूचं ते हिरवं हाय का गं?" "मित्रूले हे कोनं आणलं होतं?" दिवसातून दहा वेळा नाव. कान भरून जातात. रडू येतं, पण वेगळं.

भोयर साहेबांचं काम आज पूर्ण केलं. लहान मुलांचे फ्रॉक, पंधरा-वीस प्रकार. नेहमीसारखं केलं.

२ मार्च २०२५

सुकेशनी निघाली एटापल्लीला. नवरा न्यायला आला. बाळाचं नाव सुमेध. अजून लहानखुरा आहे, पण आवाज मोठा. सामान बांधताना सुकेशनी माझ्याजवळ आली. "वहिनी, आणखी मांगतो. तो पिवळा पायजमा देशीन?"

तो नाही, म्हणणार होते. इतर सगळं ने, तो नाही. तो मी कधी कधी उशाखाली घेते हे धम्मदीपलाही माहीत नाही.

म्हटलं, त्याला मोठा होईल तो.

"हो. घालीन ना मंग, मोठा झाला का. मी पाह्यला होता त्या दिवशी तुया हातात." आणि माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "गुडघे पाहून राह्यली होती तू."

दिला. बस निघून गेल्यावर स्टँडवरच्या बाकावर बसले. धम्मदीपने चहा आणला, तो गार झाला. परत येताना त्याने विचारलं, "पायजमा दिला का?" म्हणजे माहीत होतं त्याला!

२० मे

ऊन मरणाचं. पंखाही गरम हवा फेकतोय. सुटकेस जवळजवळ रिकामी आहे. हलकी सुटकेस उचलली की दचकायला होतं.

९ ऑक्टोबर २०२५

दोन वर्षं झाली. सकाळी तिघंही आपापल्या कामाला लागलो. मग सासूबाईंनीच मित्रूचा फोटो पुसला, आणि आम्ही तिघं मिळून तिच्याबद्दल बोललो. थोडंच. कशी भाताचं पहिलं शीत ओकली होती, ते. धम्मदीप हसला.

१६ ऑक्टोबर

एटापल्लीच्या बसने पिशवी आली. सुकेशनीने सुमेधला लहान झालेले कपडे परत पाठवलेत. सगळ्यात खाली पिवळा पायजमा.

खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. दोन्ही गुडघे घासून पातळ. डाव्यातून माझं बोट दिसतं.

वापरलेला.